लेकी धरून

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चौकोन काढून तो पेन्सिलीने काळा केला, तसा गिरिजाबाईंनी पदर तोंडाशी नेला. तो चौकोन म्हणजे त्यांचा मुलगा वसंता. कधी महिना-महिना गात हिंडायचा, बैल विकून गावजेवण घालायला निघायचा. मग भिंतीकडे तोंड करून पडायचा, तो उठायचाच नाही.

शहात्तर सालचा उन्हाळा होता. हा आजार घराण्यातून उतरतो का, हे शोधत बाई औरंगाबादहून केदारखेड्याला आल्या होत्या. गिरिजाबाईंना मात्र एवढंच हवं होतं, की तो आपल्याकडून आला का. वेड धावड्याहून आलं, सुनेच्या माहेरून, हे सासूबाईंचं, गोजरबाईंचं पालुपद बारा वर्षं चालू होतं. ऐकून ऐकून गिरिजाबाईंनाही ते खरं वाटायला लागलं होतं.

पण धावड्याची सगळी नावं संपली. पुरुषांचे चौकोन, बायकांचे गोल, सगळे कोरेच राहिले, आजारी कुणीच नव्हतं. डॉक्टरीणबाई गिरिजाबाईंच्या नवऱ्याकडे वळल्या.

"तातेराव, तुम्ही भावंडं किती?"

"दोघं भाऊ. बिलकुल ठणठणीत."

"लेकी धरून सांगा."

तातेराव गोंधळले. "लेकी दिल्या घरी गेल्या. त्यान्ला कशाला मोजायचं?"

त्यात त्यांचं काही चुकलं असं गावात कुणीच म्हटलं नसतं. पण उंबऱ्याशी तूर निवडणाऱ्या गोजरबाईंचा हात सुपातच थांबला.

"तीन भावंडं," त्या म्हणाल्या. "दुर्गा व्हती. लई हसायची, मंग जेवायचीच न्हाई. सासरच्यांनी आणून सोडल्ती. इथंच गेली."

नणंद तापाने गेली, एवढंच गिरिजाबाईंना ठाऊक होतं. बाईंनी नवा गोल काढून काळा केला आणि रेघ वर नेली. गोजरबाई उठून आल्या. वरच्या कोऱ्या गोलावर त्यांनी बोट ठेवलं.

"ही कोन?"

"तुम्ही, आजी."

"दुर्गा झाल्यावर मी दोन सालं खोलीच्या भाईर आल्ते न्हाई. सासऱ्यानं कडी लावल्ती." त्या सुनेकडे बघत नव्हत्या. "हीबी काळी कर, माय."

या घटकेची गिरिजाबाईंनी बारा वर्षं वाट पाहिली होती. आता बोलायला बरंच होतं. त्यांनी सासूचा हात धरला. त्यांना खाली बसवून त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या,

"मंग ह्या सासूबाईन्ला कुनाकडून आलं, तेबी लिवा की. त्यान्नी काय बाजारातून आनलं व्हतं?"