न जळणारा कैलास

आमच्या घरात एक गोष्ट सरळ होईल तर शपथ. पंच्याऐंशीच्या गणपतीत मखरातल्या कापसाच्या कैलासाला निरांजनाची ज्योत लागली आणि आरतीला जमलेली अख्खी चाळ टाळ्या सोडून "पाणी, पाणी" ओरडायला लागली. बाप्पा वाचले. मखर गेलं, वर माझी नवी साडीही गेली. तेव्हाच मी ह्यांना बजावलं होतं, पुढच्या वर्षी या घरात कापूस दिसला तर माझ्याशी गाठ आहे.

हे म्हणजे दत्ताराम, माझे यजमान. गिरणीत मागावर होते. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. मग चार ठिकाणी धक्के खाऊन एका कंत्राटदाराकडे लागले. अंधेरी-गोरेगावला तेव्हा नव्या इमारती उठत होत्या. तिथे हॉटेलांच्या, स्टुडिओंच्या वाफेच्या पाइपांना वेष्टन चढवायचं, हे ह्यांचं काम. गोणीतून पांढरा भुसभुशीत माल काढायचा, पाण्यात कालवायचा आणि पाइपावर थापायचा. संध्याकाळी घरी यायचे ते भुवया आणि मिशा पांढऱ्या करून. "आला बघा आमचा म्हातारा," मी म्हणायची. चाळिशीचा माणूस, हसून घ्यायचा.

तर शहाऐंशी साली, गणपतीच्या तोंडावर, स्वारी खांद्यावर गोणी टाकून आमच्या भटवाडीचा चढ चढून आली.

"हा घे तुझा कैलास. काडी लाव, जळतो का बघ."

मी खरंच काडी लावली. जळेना! दुसरी लावली, तरी नाही. असा पांढराशुभ्र, मऊ, बर्फासारखा माल आणि वर आगीला भीक न घालणारा. मी शेजारच्या प्रेमाला हाक मारली, तिने समोरच्या लताला. सगळ्यांसमोर काड्या ओढून दाखवल्या. खोक्यांचा डोंगर रचला होता, त्यावर आम्ही बायका गोणीतला बर्फ पसरायला बसलो. हे मधूनमधून खोकत होते. ते शिमग्यापासूनच चाललं होतं. अडुळसा झाला, हळदीचं दूध झालं. मनातल्या मनात मला एकाच रोगाची भीती होती आणि त्याचं नाव मी तोंडातून काढत नव्हते. क्षय म्हटलं की चाळीत पाणी प्यायलासुद्धा कुणी येत नाही. म्हणून ह्यांना डॉक्टरकडेही नेत नव्हते. न ऐकलेलं बरं, असा माझा हिशेब.

तेवढ्यात गुणाजीभाऊ आले. हे ह्यांचे चुलतभाऊ, मोठे. सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात बरीच वर्षं काढून आजारपणामुळे घरी बसलेले. दरवर्षी मखर बघायला येणार आणि नावं ठेवून जाणार. चढ चढून आल्यावर त्यांना बराच वेळ बोलता यायचं नाही, म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी गेले. त्यांनी तांब्या घेतला नाही. उंबऱ्याबाहेरच धापा टाकत उभे राहिले, माझ्या खांद्यावरून आत बघत. दम जमल्यावर म्हणाले,

"दत्तारामा, ह्यां खंयसून हाडलंस रे?"

"कामावरनं, दादा. वाया जाणारा माल होता. झकास दिसतो ना?"

"कुंदा, बायकांना बाहेर काढ. पंखा बंद कर. झाडू हातात घेऊ नको."

मला राग आला. सणासुदीला माझ्याच घरात माझ्यावर हुकूम! "भाऊजी, काही चुकलं असेल तर सांगा, पण असं..."

"अ‍ॅस्बेस्टॉस आहे तो, बाय माझे," ते म्हणाले. "त्याचीच धूळ माझ्या छातीत बसलीय."

प्रेमा आणि लता कधी बाहेर पडल्या मला कळलंही नाही. गुणाजीभाऊंनी दारातूनच सगळं करवून घेतलं. तोंडाला ओलं फडकं बांधून ह्यांनी डोंगरावर पाणी शिंपडलं, भिजलेला चिखल गोणीत भरला, गोणीचं तोंड बांधलं, ओल्या फडक्याने फरशी दोनदा पुसली आणि ती फडकीही गोणीबरोबर बांधून टाकली. मी नुसती बघत होते. कैलास तासाभरात गेला.

"दादा, एवढं काय त्यात?" शेवटी हे म्हणाले. "मी तर रोज हाताळतो."

"रोज?"

"तीन वर्षं झाली."

गुणाजीभाऊ पायरीवर खाली बसले. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "आणि हा खोकला?"

त्या वर्षी बाप्पा माझ्या हिरव्या साडीच्या पडद्यासमोर बसले. मी हात जोडले, पण आरतीत लक्ष कुणाचं होतं? वाट लागली आपली, एवढंच मनात. क्षयाला निदान औषध असतं. याला औषध नाही, हे मला गुणाजीभाऊंनीच सांगितलं होतं.

विसर्जनानंतर ते आम्हाला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. ह्यांच्या छातीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. फोटो दिव्यावर लावून त्यांनी इतका वेळ बघितला की मी मनात सगळं करून मोकळी झाले. खोली विकली, गावी गेले, कुंकू पुसलं.

"फुप्फुसं स्वच्छ आहेत," बाई म्हणाल्या. "क्षय नाही, अ‍ॅस्बेस्टॉसचाही डाग नाही. खोकला धुळीचा आहे आणि विडीचा. दोन्ही आजपासून बंद. हा रोग फार सावकाश येतो, म्हणून दरवर्षी फोटो काढून घ्यायचा. पण आज तुम्ही ठणठणीत आहात."

मी बाहेर बाकावर येऊन जो गळा काढला म्हणता! एवढी तर मी सासऱ्यांच्या वेळीही रडले नव्हते. रांगेतली एक अनोळखी बाई उठून आली, माझ्या पाठीवरून हात फिरवून हळूच म्हणाली, "कधी गेले हो?"

"मी इथेच आहे," हे म्हणाले. "चहा प्यायला निघालोय."

ती बाई आधी दचकली, मग हसायला लागली, मग मीही. डोळ्यांतून पाणी आणि तोंडाने हसू. किती हलकं वाटत होतं म्हणून सांगू! सहा महिन्यांचं ओझं एका वाक्याने उतरलं होतं. त्या डॉक्टरीणबाईंची दृष्ट काढावीशी वाटली मला.

बाहेर टपरीवर गुणाजीभाऊंनी फोटो मागून घेतला आणि उन्हात धरला. बराच वेळ तो खाली घेईनात.

"किती काळाभोर, स्वच्छ आहे रे," ते म्हणाले. "माझा सगळा पांढरा झालाय. हा जपून ठेव. माझा कामावर लागताना कुणी फोटो काढलाच नव्हता. मग मालकाचा वकील म्हणाला, हा आधीपासूनच आजारी होता. ते खोटं ठरवण्यात माझी वर्षं गेली."

"पण दादा, तुमचा कारखाना. आम्ही बिल्डिंगवरची माणसं. आम्हाला कोण विचारतो?"

"कायदा विचारतो. नुकसानभरपाईच्या कायद्यात या रोगाचं नाव आहे. बांधकामावरच्या माणसालाही तो लागू आहे. ठेकेदार तुला हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतोय."

हे चहाचा ग्लास हातात फिरवत राहिले. संपानंतर या माणसाने कुणासमोर मान वर केली नव्हती आणि मीही करू दिली नव्हती. नोकरी टिकव, तोंड बंद ठेव, हेच माझं रोजचं पालुपद.

"सोमवारी मुकादमाला सांगतो," हे म्हणाले. "मी त्या मालाला आता हात लावणार नाही. पाइप बसवायचं काम दे म्हणतो. आणि टोळीतल्या सगळ्यांचे फोटो काढून घे, असंही सांगतो. सहदेव तर माझ्याआधीपासून आहे." मग माझ्याकडे बघितलं. मी काय बोलते, याची हे वाट बघत होते.

"सांगा," मी म्हटलं. "नाही ऐकलं तर दुसरं काम बघू. मी पोळ्या लाटेन."

"मुकादमाचा विश्वास बसला नाही तर?" ह्यांनी विचारलं.

"मी येतो तुझ्याबरोबर," गुणाजीभाऊ म्हणाले. "मला त्याच्यासमोर... नुसता एक जिना... चढायला लाव."

एवढं म्हणायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. आम्ही दोघं चहा हातात घेऊन, त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत, उभे राहिलो.