वेगळा प्याला

"पुसून पुसून झिजवशील गं तो प्याला," चर्चच्या धर्मगुरूंच्या पत्नी, पाळकबाई, दारातून म्हणाल्या.

ताईने तो घाईने ताटात ठेवला. चर्चमध्ये प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ सगळ्यांनी घोटभर वाइन घ्यायच्या विधीचे, बोटभर प्याले भरायचं काम वीस वर्षं तिच्याकडेच होतं. आज एकोणचाळीस प्याल्यांत नेहमीची वाइन होती. चाळिसाव्यात तिने घरून आणलेला द्राक्षांचा साधा रस ओतला आणि गफलत नको म्हणून, शिवणकामवालीच्या सवयीने, त्याला लाल दोरा बांधला. हा प्याला तिच्या धाकट्या भावाचा.

भाऊ वेल्डर. सात महिने त्याने दारूला हात लावला नव्हता. दर गुरुवारी चर्चच्या मागच्या खोलीत दारू सोडलेल्यांची बैठक भरे, तिला तो नेमाने जाई. महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजन असे; त्याची वेळ झाली की मात्र शेवटच्या बाकावरून हळूच सटके. "मला नुसता वास पुरतो," म्हणे.

"आज बस. तुझी सोय केलीय," ताईने त्याला बजावलं होतं.

ताट शेजाऱ्याने शेजाऱ्यापुढे धरायचं, अशी तिथली रीत. ते भावापुढे आलं. दोरा त्याने पाहिला, तसा सगळ्या बाकाने पाहिला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण माना वळायच्या त्या वळल्याच. तो उठला आणि निघून गेला.

ताईने त्याला पायऱ्यांवर गाठलं.

"अरे, नुसता रस होता."

"माहितीय."

"मग?"

"घरी तू माझ्या खोलीला बाहेरून कडी लावायचीस, त्याचा राग नाही आला कधी. माझे गुणच तसे होते. पण इथं तरी माझं भांडं वेगळं नको होतं, ताई."

आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या बाईचं घरचंच माप चुकलं होतं.

बुधवारी ती पाळकांसमोर बसली. "साहेब, गुरुवारी आपण त्यांना सांगतो, थेंबही नको. आणि रविवारी तोच थेंब पुढे करतो."

पाळकांनी समोरचं बायबल मिटलं. मग म्हणाले, "पुढच्या वेळी सगळेच प्याले रसाचे भरा."

चर्चमधल्या एका निवृत्त मास्तरांना हे कळताच ते फणकारले. "मी काय आजारी आहे, सरबत प्यायला?"

"तुम्ही धडधाकट आहात मास्तर, म्हणून तर तुम्हाला चालेल," ताई म्हणाली. मास्तर छत्री उचलून निघाले. पटलं होतं असं नाही.

पुढच्या महिन्यात भाऊ आला. "सगळ्यांना एकच आहे," असं ताईने सांगितलं, तेव्हा नुसतं "बघू" म्हणाला होता. बसला नेमका मास्तरांशेजारी. मास्तरांनी प्याला रिकामा केला, तोंड कसनुसं केलं आणि कुजबुजले ते चार बाकांना ऐकू गेलं. "फार गोड झालंय."

भावाला हसू आलं. मास्तरांनी ताट त्याच्यापुढे धरलं. त्याने एक प्याला उचलून आधी नाकाशी नेला. ताईने मान खाली घातली.

तिने वर पाहिलं तेव्हा प्याला रिकामा होता. ताट आता त्याच्या हातात होतं आणि शेजारच्या, डोळ्यांनी अधू असलेल्या म्हातारीची बोटं प्याला चाचपत होती. ताट अगदी सरळ होतं.

"सावकाश घ्या, आजी," तो म्हणाला. "मी धरलंय."