सकाळचे पाय, दुपारचे पाय

मी गोलाच्या जाळीभोवतीची पांढरी रेषा बोलते आहे. आधीच सांगून ठेवते, माझ्याकडून गोड शब्दांची अपेक्षा करू नका. माझ्या अंतःकरणात निखारे आहेत, आणि ते विझावेत अशी माझी इच्छाही नाही.

अमेरिकेतल्या ओनोंडागा या मूलनिवासी लोकांच्या वस्तीत, जाळीदार दांड्यांनी चेंडू झेलत-फेकत खेळायच्या लॅक्रॉसच्या मैदानावर, ओढ्याकडच्या टोकाला मी जन्मले. संघाचा प्रशिक्षक हॉबर्ट याने जाळीच्या तोंडाशी मधोमध खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली आणि दोरी ताणून धरत, वाकून वाकून, मला वर्तुळात फिरवले. कंबर धरून उभा राहिला तेव्हा स्वतःशीच म्हणाला, "वा रे पठ्ठ्या! चंद्रसुद्धा इतका गोल नसतो."

त्या क्षणी मी त्याला पिता मानले.

माझे व्रत साधे आहे. चढाई करणाऱ्याने आपल्या दांड्याच्या जाळीतून चेंडू बाहेरूनच फेकावा. त्याचा पाय माझ्यावर पडला, तर गोल बाद. मात्र मला वाणी नाही. पंचाची शिट्टी हीच माझी वाणी. म्हणून पंच डेल्मर मला फार जवळचा. सामन्यापूर्वी तो माझ्या कडेने सावकाश एक फेरी घालतो, फिकी जागा दिसली की थांबतो. आणि माणसांची रीत पाहा: पाय स्वतःचा पडतो, नजर आभाळाकडे जाते आणि शिव्या डेल्मरला मिळतात.

त्या दिवशी सकाळी मैदानावर निराळाच खेळ होता. डेल्मरची थोरली बहीण नॉर्मा हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळली होती. तिच्यासाठी औषधाचा खेळ, म्हणजे आजाऱ्याला बळ मिळावे म्हणून खेळायचा जुन्या रीतीचा लॅक्रॉस, मागितला गेला. पहाटे अग्नीत तंबाखूची पाने अर्पण झाली, सृष्टिकर्त्याचे आभार मानले गेले, आणि पुरुष लाकडी दांडे व हरणाच्या कातड्याचा चेंडू घेऊन उतरले. त्या खेळात रेषा नसते, पंच नसतो. जिंकण्यासाठी कोणी धावत नाही. जो धावतो तो दुसऱ्याच्या श्वासासाठी. आजोबा धावले, नातू धावले, डेल्मरही शिट्टी घरी ठेवून धावला. त्या पावलांखाली मी पार पुसली गेले. माझ्या जन्माचे त्या घटकेला सार्थक झाले, असेच मी समजते.

खेळ संपल्यावर तो चेंडू नॉर्माच्या ओंजळीत ठेवला. ती मैदानाकडेला मोटारीत, मांडीवर गोधडी घेऊन बसली होती.

दुपारी शेजारच्या वस्तीशी सामना होता. हॉबर्टने घाईघाईने मला पुन्हा रंगवले. रंग ओलाच होता, तोच खेळ सुरू झाला. अखेरच्या मिनिटाला दोन्ही बाजू समान. तेव्हा नॉर्माचा मुलगा ब्रॉडी मुसंडी मारत आला, आणि सकाळी जसा धावला होता तसाच, रेषा नसल्यासारखा, बेधडक माझ्यावर पाय देऊन त्याने चेंडू जाळीत घातला.

जल्लोष झाला. शिट्टी वाजली. डेल्मरने दोन्ही हात आडवे हलवले. गोल बाद!

"मामा!" ब्रॉडी ओरडला. "आईसाठी मारलाय तो!"

"डेल्मर, डोळ्यांत मक्याचं सूप गेलं का रे?" प्रेक्षकांतून एक बाई कडाडली. "सख्खा भाचा आहे तुझा!"

आणि तेवढ्या गदारोळात काय घडले? हॉबर्ट धावत आला, पाठ वळवून माझ्यावर उभा राहिला आणि टाच घासू लागला. ज्याने मला चंद्राहून गोल म्हटले, तो मला पुसत होता! अरे, नऊ वेळा हात धुऊन पूजेला बसावे आणि उठताना मूर्तीच झोळीत घालावी, त्यातला हा प्रकार. मला कंठ असता तर मी किंचाळले असते.

"दाखव, कुठं आहे खूण?" हॉबर्ट साळसूदपणे म्हणाला.

डेल्मरने आधी ब्रॉडीच्या बुटाचे पांढरे टोक पाहिले, मग हॉबर्टची टाच. "तुझाही बूट पांढरा झालाय, हॉबर्ट. तूही गोल मारलास का?"

समोरचे खेळाडू खो खो हसले. हॉबर्ट लाल झाला. "आजचा अख्खा दिवस नॉर्माचा आहे. सकाळी रेषा नव्हती, मग आत्ता कुठून आली? स्वतःच्या बहिणीचं औषध अडवतोस?"

हे शब्द डेल्मरला लागले. शिट्टी धरलेला त्याचा हात खाली आला. एका होकाराने बहिणीचा चेहरा उजळणार होता. आणि त्याच होकाराने माझी वाणी कायमची जाणार होती. तो मोटारीकडे पाहत राहिला.

नॉर्माने काच खाली केली. आवाज क्षीण, पण जाळीपर्यंत पोहोचला.

"डेल्मर, पाय पडला का?"

"पडला, ताई."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतोस? ब्रॉडी, इकडे ये." तिने कातडी चेंडू उराशी धरला. "सकाळी तुम्ही मला औषध दिलंत. त्यात आता चोरीचा गोल कालवू नका. मला पचायचा नाही."

ब्रॉडी दांडा खाली ठेवून तिच्याकडे गेला. डेल्मरने चेंडू समोरच्या संघाला दिला. त्यांनी गोल केला. आमचा संघ हरला. त्या संध्याकाळी डेल्मरशी कोणी बोलले नाही. नॉर्माच्या मोटारीत मात्र पुढची जागा त्याच्यासाठी राखलेली होती.

आता पाने गळली आहेत. गवतावर हिम धरू लागले आहे आणि माझे अर्धेच वर्तुळ उरले आहे. नॉर्मा बरी होईल का, हे मला कोणी सांगत नाही. काल ब्रॉडी एकटाच मैदान ओलांडून गेला. खेळ नव्हता, पंच नव्हता, तरी माझ्यापाशी येताच तो वळसा घालून गेला. हॉबर्टही येतो, सरळ तुडवून जातो. त्याला मी क्षमा केलेली नाही.

वसंतात तुम्ही मला पुन्हा रंगवाल. रंगवा. पण नंतर टाच घासून माझ्या तोंडावर हात दाबणार असाल, तर दोरी गुंडाळून घरीच ठेवा. मला पुसले जाण्याचे भय नाही. पुसायचेच असेल, तर सकाळच्या त्या पायांनी पुसा.