आभाळ तापवणारी शेगडी

वेल्डर साठीच्या पुढचा, पण हट्ट विशीतला. बायकोचं छातीचं दुखणं थंडीत उचल खायचं. खोली उबदार ठेवा, पण धूर अजिबात नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. विजेचा हीटर लावला की इमारतीचे दिवे जायचे. लेकीकडे न्यावं, तर तिची खोली पाचव्या मजल्यावर, एवढे जिने बायकोला झेपणारे नव्हते. शेवटी त्यानं जुनं पिंप कापून लाकडाची शेगडी घडवली. लेक चुलींची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेत होती. सुट्टीच्या दिवशी ती तापमापक घेऊन आली.

"घे परीक्षा," तो म्हणाला. "पोरीच्या हातून नापास होणारा बाप मीच पहिला."

तिनं सुकी लाकडं तोलून आत रचली, तापमापकाची तार धुराड्याच्या नळात सोडली. जाळ झकास धरला. धूर औषधालाही नव्हता. बापाच्या मिशा फुलल्या. पण नळातला आकडा चढतच गेला, आणि पलंगावरची आई मात्र शाल आवळून बसलेली.

"बाबा, ऊब सगळी नळातून चाललीय. आपण खोली नाही, आभाळ तापवतोय."

"मग आत आडवी पट्टी घालू. जाईल कुठं?"

शेगडी निवल्यावर त्यानं पट्टी बसवली. पुन्हा पेटवली. नळाचा आकडा उतरला, खोलीचा पारा चढला. जमलं, असं लेकीला वाटतंय तोच शेगडीच्या दारातून धूर खोलीत लोटला. गार नळ धूर वर ओढेना. आईला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. लेकीनं धावत खिडकी उघडली. मिळवलेली ऊब तिथूनच पसार झाली.

नळ उंच केला असता तर ओढ वाढली असती. पण नळाच्या डोक्यावरच वरच्या बिऱ्हाडाची खिडकी. त्यांच्या घरात तान्हं बाळ. ते नाही म्हणाले, त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

मग पट्टी अर्धी कापली, हवेचं भोक वाढवलं, लाकडं बारीक केली. दर वेळी एक तर ऊब जायची, नाही तर धूर यायचा. "किती झालं?" असं बाप सारखा विचारत होता. दुपार कलली, तसा विचारेनासा झाला.

"पुरे करा आता," आई म्हणाली. "मी थंडी सोसेन. हा खोकला नाही सोसवत."

"अगं आई, पण थंडीनंच तर तुझं—"

"माहीत आहे मला, बाळा."

वेल्डरनं निखारे घमेल्यात ओढले आणि अंगणात नेऊन पाणी ओतलं. चर्र आवाज झाला, वाफ उठली. आत येऊन तो पलंगाच्या पायथ्याशी बसला, बायकोची पावलं मांडीवर घेऊन चोळू लागला.

"तुमचे हात गरम आहेत अजून," ती म्हणाली.

लेक पाठमोरी उभी राहून तार गुंडाळत राहिली. थंडी अजून निम्मीही सरली नव्हती.