मंगळवार, गुरुवार, शनिवार

"अहो, हा नोकरीबिकरीला जात नाही! हा डायलिसिसला जातो!" मावशी एवढ्या जोरात बोलल्या की पलीकडच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या.

साहेब धावतच आले. साहेब बत्तीस वर्षांचे आणि मावशी एकोणसाठच्या, पण ऑफिसात असंच चालतं.

"कशावरून, मावशी?"

"हे बघा ना." त्यांनी पडद्यावरच्या तक्त्यातल्या रिकाम्या घरांवर बोट ठेवलं. "मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सात ते बारा गप्प. तीन वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. दुपारी उगवला की दोन ओळींच्या वर लिहीत नाही, अंगात त्राणच नसतं. आमच्या ह्यांचं सहा वर्षं हेच चाललं होतं."

"कमाल आहे तुमची!" साहेबांनी टाळीच वाजवली.

'हा' म्हणजे सुतारपक्षी. खरं नाव इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. सॉफ्टवेअरमधली भोकं, म्हणजे चोरांना आत शिरता येईल असे दोष, शोधून विकणाऱ्यांचा इंटरनेटवर एक बाजार असतो, तिथे तो या टोपणनावाने वावरायचा. त्या बाजारातला शब्द न् शब्द, रोज लाखो ओळी, पोलिसांसाठी पाळत ठेवणाऱ्या या ऑफिसात येऊन पडायचा. संगणक तो चाळायचा आणि जिथे त्याचं डोकं चालेना, तिथे मावशी वाचायच्या. सुतारपक्ष्याने आधी कंपन्यांना भोकं फुकट दाखवून पाहिली होती. एकीने त्याला वकिलाची नोटीस धाडली, तेव्हापासून तो विकायला लागला.

मावशींना त्याची आई गेली तो दिवस ठाऊक होता. त्याच्या पाचकळ विनोदांना त्या एकट्याच बसून खुदकन हसायच्या. आणि तरी त्या बुधवारी डायलिसिसचं तोंडातून निघून गेलंच! संगणकाला तीन आठवडे सुटेना ते कोडं आपल्याला सुटलं, या भरात आपण कुणाबद्दल बोलतोय याचंच भान राहिलं नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी तक्ता उघडला. शुक्रवार संध्याकाळनंतर सगळी घरं रिकामी.

"उचललं त्याला," साहेब खुशीत म्हणाले. "शहरात डायलिसिसची केंद्रं ती किती! दोन दिवसांत सापडला. मुख्य पोलीस ठाण्यात आहे."

मावशींनी तक्त्यातल्या शनिवारवर बोट ठेवलं. "मग शनिवारी नेलं का त्याला?"

"कुठे?"

"कुठे काय, डायलिसिसला! गुरुवारी झालं असेल तेवढंच. आज चौथा दिवस. आमचे हे एकदा हट्टाने चुकवून बसले होते, तिसऱ्या दिवशी श्वास लागला. उशा रचून बसवलं होतं त्यांना."

"ते पोलीस बघतील हो. आपलं काम संपलं."

मावशींनी टेबलावरचा फोन ओढला. साहेबांचा चेहरा उतरला. "मावशी, गुप्ततेच्या कागदावर सही केलीय तुम्ही. नोकरी जाईल."

"जाऊ दे." त्यांनी नंबर फिरवला.

ठाण्यातल्या हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं. "तो पण तेच म्हणतोय. आत आलं की सगळ्यांचीच किडनी बिघडते, बाई. नाव काय तुमच्या माणसाचं?"

"नाव… मला माहीत नाही."

"आणि तुम्ही कोण त्याच्या?"

बहीण म्हणावं का? शेजारीण? जीभ रेटेना.

"कुणी नाही. ज्या बाईने त्याला पकडून दिलं, ती मी. तीन वर्षं पाळत ठेवलीय त्याच्यावर. एक मंगळवार चुकवलेला नाही त्याने, एक गुरुवार नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा सकाळी सात ते बारा मशीनवर होता. खोटं बोलत नाहीये तो."

"मग मी काय करू?" हवालदार म्हणाला.

"त्याच्या हाताला हात लावून बघा," मावशी म्हणाल्या. "डायलिसिसची सुई टोचतात ती शीर कोपराजवळ दोरखंडासारखी फुगलेली असेल आणि तिच्यावर बोट ठेवलं की थरथर जाणवेल. जा, बघून या. मी फोन धरते."

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग दूर जाणारे बूट. साहेब समोर उभे होते. मावशी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून बसून राहिल्या.