भिंतीवरचा सविता

"दिसला! सविता दिसला!"

शिवणकारखान्याच्या गच्चीवर बायका पांढऱ्या भिंतीला हात जोडत होत्या. कुणाकुणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ताईचा विसरलेला डबा द्यायला आलेली तिची धाकटी बहीण जिन्यातच थबकली. ती डोळ्यांची डॉक्टर. तिला काही ते भक्तीचं पाणी वाटेना. आणि सगळ्यांत पुढे उभी होती ताई.

"सविता म्हणजे सोन्याच्या हातांचा सूर्यदेव!" भिंतीशेजारी उभा असलेला एक साधूबाबा गरजला. त्याने स्वतःच्या पंजांना सोनेरी रंग फासला होता. "भरदुपारी त्याच्याकडे टक लावा, मग भिंतीकडे वळा. मन शुद्ध असेल तर दर्शन होणारच! चष्मे फेकून द्याल, चष्मे!"

त्याच्या नाकावर मात्र काळाकुट्ट गॉगल. देवाचा एवढा लाडका, पण देवाकडे बघायची छाती नाही!

"ताई, कधीपासून चाललंय हे?"

"महिना झाला गं. आधी देव लगेच जायचा. आता जातच नाही. बघेन तिथे काळा ठिपका."

डॉक्टरला शिसारी आली, त्या रंगवलेल्या हातांची. तिने कोपऱ्यातली लाल बादली सावलीत ओढली.

"हिच्याकडे बघा. पापणी हलवू नका. हं, आता भिंतीकडे!"

भिंतीवर हिरवट बादली तरंगली. मग एकजण फिसकन हसली, "अगं बाई, बादलीदेव!"

"एकाच गोष्टीकडे टक लावली की डोळ्याचा पडदा तेवढ्या जागी थकतो. मग भिंतीवर तिचा उलट्या रंगाचा ठसा दिसतो. मन शुद्ध असो की नसो! पण सूर्याकडे बघाल, तर पडदा थकून थांबत नाही, भाजतो."

"देवाची निंदा!" बाबा किंचाळला.

"निंदा तुम्ही चालवलीय. सविता म्हणजे चालना देणारा. तो उगवला की जग कामाला लागतं. जुन्या लोकांनी त्याच्याकडे बुद्धीला चालना मागितली, आंधळेपण नव्हे. काढा तो गॉगल. बघा वर!"

बाबाने जिना गाठला. घाईत धरलेल्या कठड्याला त्याचा सोनेरी रंग लागला. घाणेरडा डाग नुसता.

ताईने ओढणीला टोचलेली सुई काढून दोरा ओवायला डोळ्यांसमोर धरली. काजं करण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. सुईचं नाक त्या काळ्या ठिपक्यात गडप झालं.

"बरं होईल ना गं?"

"उपचार करू. पण खात्री नाही देता येत, ताई."

डॉक्टर बायकांकडे वळली. "देव मानायचा तर माना. पण तो दाखवतो म्हणणाऱ्याला आधी एवढं विचारा, तू स्वतः का बघत नाहीस? हे ताईने महिन्यापूर्वी विचारायला हवं होतं. तुम्ही आज विचारा."

ताई अजून दोरा ओवायला बघत होती.