सात नंबरचा ओके

"शिक्का टेबलावर ठेवा, ओकेबाई," साहेब म्हणाले.

तिनं ठेवला. लाकडी मुठीचा, बोटाएवढा, खाली गोलात ‘ओके ७’. शेजारी गिऱ्हाइकाकडून परत आलेले अकरा गळके व्हॉल्व्ह मांडले होते. प्रत्येकावर तोच सात.

एकवीस वर्षं ती तपासणीच्या टाकीशी बसत होती. व्हॉल्व्हला हवेची नळी जोडायची, तो पाण्यात बुडवायचा, तीस आकडे मोजायचे. बुडबुडा आला नाही तर शिक्का. बाकी हा शब्द माशीसारखा कुठंही बसायचा. साहेबांचा ओके म्हणजे ‘निघा आता’. फोनवर नवऱ्याचा ओके म्हणजे ‘ऐकलं नाही, पण पुरे’. धाकट्या जावेचा गोड नि लांबलचक, काम टाळताना. तिचा मात्र एकच: तीस आकडे, बुडबुडा नाही.

जावेला इथं तिनंच चिकटवलं होतं, शेजारी बसवून काम शिकवलं होतं. गेल्या महिन्यात सासूबाई दवाखान्यात होत्या. रजेवर जाताना शिक्का ऑफिसात जमा करायचा, हा नियम तेव्हा तिनं पहिल्यांदा मोडला. माल अडू नये म्हणून तो जावेच्या हाती दिला.

"एकेक बुडवशील ना गं?"

"ओके ताई! तुम्ही सासूबाईंचं बघा, इथला घोर सोडा."

तीच जाऊ आता दाराशी नखं बघत उभी होती.

"मला शिक्का दिलाच नव्हता, साहेब. ताई जायच्या आधीच अख्ख्या पेटीवर शिक्के मारून गेल्या. म्हटलं, मोठ्या आहेत, आपण कशाला तोंड उघडा?"

कुठं अडखळली नाही. पाठ केलेलं होतं.

"शिक्का मी दिला, ती चूक माझी," ती म्हणाली. "पण न बुडवता मी आजवर एकही मारला नाही."

"पुरावा?"

"शिक्का हाच पुरावा होता, साहेब."

साहेबांनी शिक्का खणात टाकला. "ओके. उद्यापासून पॅकिंगला बसा."

बाहेर जावेनं तिचा हात धरला. "ताई, रागावू नका. तुमची नोकरी जुनी, तुम्हाला काढणार नाहीत. मी अजून कच्ची. दादाच म्हणाले, असं सांग म्हणून."

दादा म्हणजे तिचाच नवरा, जावेचा थोरला दीर. सकाळी ती डबा भरत होती तेव्हा त्यानं विचारलं होतं, "जमेल ना आज सगळं?" एरवी कधी विचारत नसे. तिला बरं वाटलं होतं.

तिनं हात सोडवून घेतला. आत टाकीकडे वळली.

टाकीत एक व्हॉल्व्ह तसाच राहिला होता, साहेबांचं बोलावणं आलं तेव्हाचा. ती स्टुलावर बसली. नळी चाचपली, हवा सोडली, पाणी निवळू दिलं. मग पहिल्यापासून मोजायला लागली. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. एकही बुडबुडा नाही.

तिनं तो बाहेर काढला, फडक्यानं कोरडा पुसला. हात सवयीनं शाईच्या गादीकडे गेला आणि तिथंच थांबला.

मग तिनं तो व्हॉल्व्ह न तपासलेल्या मालाच्या ट्रेमध्ये, इतरांच्या रांगेत, सरळ करून ठेवला.